नाताळच्या झाडावर टांगायच्या कुकीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईत, समुद्रापासून फार लांब नसलेल्या घरात, मी गेली अनेक वर्षे नाताळच्या झाडासाठी कुकीज भाजत आले आहे. पहिल्या वर्षी मी नेहमीच्या चहाबरोबरच्या कुकीजनाच भोके पाडून, लाल फीत ओवून त्या झाडावर लावल्या. सकाळी उठून पाहते, तर फिती फांद्यांवर तशाच लोंबत होत्या आणि कुकीज खाली फरशीवर पडल्या होत्या. त्या रात्रभर सादळल्या होत्या आणि प्रत्येकीचे भोक वरच्या कडेपर्यंत फाटत गेले होते. त्यानंतर जे शिकत गेले, ते मला दरवर्षी डिसेंबरात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने येथे लिहीत आहे.

झाडावर खाण्याचे पदार्थ टांगण्याची पद्धत मुळात कुठली?

ही पद्धत जर्मन भाषक प्रदेशातील आहे. स्ट्रासबर्ग शहराविषयीच्या १६०५ सालच्या एका नोंदीत असे वर्णन सापडते की, नाताळात लोक घरातील खोल्यांमध्ये देवदाराच्या जातीची झाडे उभी करत आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखे वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लावत. २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांच्या स्मरणाचा दिवस असल्याने त्या कथेवरील धार्मिक नाटकांत सफरचंदे लावलेले झाड उभे केले जाई, आणि घरातील झाडावरची सफरचंदे तेथूनच आली, असे मानले जाते. वेफरची जागा पुढे मसालेदार कुकीजनी घेतली. १८४८ साली लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाचे विंडसरच्या राजवाड्यातील झाडाभोवतीचे चित्र छापून आले. त्याबरोबरच्या वर्णनात सोनेरी मुलामा दिलेले जिंजरब्रेड, म्हणजे सुंठ-मसाल्यांच्या कुकीज, रंगीत फितींनी फांद्यांना टांगल्याचा उल्लेख आहे. म्हणजे फीत ओवलेली कुकी इंग्लंडात पोहोचून पावणेदोनशे वर्षे झाली आहेत.

प्रत्येक प्रदेशाने या कुकीला आपला आकार दिला. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनमागे, म्हणजे मध-मसाल्यांच्या मऊ कुकीजमागे, जवळच्या जंगलातील मध आणि शहरातील मसाल्यांचा व्यापार उभा होता. त्या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. क्रोएशियातील झाग्रेब आणि आसपासच्या भागात लाल रंगाची, पांढऱ्या आयसिंगने रेखलेली ‘लित्सितार’ हृदये झाडांवर दिसतात, आणि उत्तर क्रोएशियाच्या या कारागिरीची नोंद युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशात केली आहे. स्वीडनमध्ये पातळ, कडक ‘पेप्परकाकोर’ असतात. जर्मनीत याच जातीच्या पदार्थाला ‘फेफरकुखेन’ म्हणजे मिरीचा केक असेही म्हणतात, कारण त्या काळी दूरदेशाहून येणाऱ्या सगळ्याच मसाल्यांना सरसकट मिरी म्हटले जाई. त्या मिरीचा आणि सुंठेचा मोठा वाटा मलबारच्या किनाऱ्यावरून जात होता, हे सुंठ कुटताना मला दरवर्षी आठवते.

आपल्याकडील नाताळच्या फराळाशी या कुकीजचा संबंध आहे का?

परंपरेने नाही. गोव्यातील नेवऱ्या, दोदोल, मुंबई-वसईकडील कुलकुल हे पदार्थ ताटात भरून शेजारीपाजारी वाटण्याचे आहेत, ते झाडावर लावले जात नाहीत. झाडावरची कुकी हा आपल्या घरांत नंतर आलेला पाहुणा आहे. त्यामुळे तिला आपली हवा मानवत नाही, आणि पुढची बहुतेक उत्तरे याच एका अडचणीभोवती फिरतात.

नेहमीची कुकी आणि टांगायची कुकी यांत नेमका फरक कोणता?

जर्मनी किंवा स्वीडनमध्ये डिसेंबरात घरे आतून तापवलेली असतात आणि खोलीतील हवा अत्यंत कोरडी असते. तेथे मऊसर कुकीसुद्धा झाडावर राहून अधिक कडक होते. कोकण किनाऱ्यावर मात्र थंडीच्या दिवसांतही पहाटेची हवा ओलसर असते, आणि कुकीतील साखर ती ओल शोषून घेते. म्हणून आपल्याकडील टांगायच्या कुकीत लोणी बेताचे, फुगवणारा सोडा अगदी नावापुरता, लाटी सर्वत्र सारख्या जाडीची आणि भाजणे पूर्ण कोरडे होईपर्यंत असावे लागते. लोणी जास्त झाले की कुकी खुसखुशीत होते, आणि खुसखुशीतपणा म्हणजे दुसऱ्या शब्दांत ठिसूळपणा; तो नानखटाईला शोभतो, फांदीवर निरुपयोगी ठरतो. सोडा जास्त झाला तर आकार फुगतो, कडा गोल होतात आणि भोक बुजते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या कोरड्या थंडीत राहणाऱ्यांना या बाबतीत बरीच सूट मिळते.

प्रमाण काय घ्यावे?

३५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १५० ग्रॅम ब्राउन शुगर, ४ मोठे चमचे काकवी, १ अंडे, २ लहान चमचे सुंठपूड, १ लहान चमचा दालचिनीपूड, पाव चमचा लवंगपूड, थोडे किसलेले जायफळ, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात ७ सेंटिमीटरच्या साधारण ३० कुकीज होतात. लोणी, साखर आणि काकवी मंद आचेवर एकजीव करून कोमट होऊ द्यावी, मग त्यात अंडे फेटून घालावे आणि शेवटी चाळलेला मैदा, सोडा, मीठ व मसाले मिसळावे. गोळा हाताला थोडा चिकट लागतो. तेथे घाबरून वरून मैदा घालू नये, कारण फ्रीजमध्ये दोन तास विसावल्यावर तो आपोआप घट्ट होतो. गोळा फार मळूही नये; मळत राहिल्यास तो चिवट होतो आणि भट्टीत आकसून चांदण्यांच्या टोकांना बाक येतो.

काकवीच का? मध किंवा गूळ चालणार नाही का?

युरोपात या कुकीत मध किंवा उसाचा काळा पाक वापरतात आणि काकवीची चव त्या पाकाच्या सर्वांत जवळ जाते. कोल्हापूरकडची दाट काकवी मिळाली तर रंगही गडद, तांबूस येतो आणि त्यावर पांढरे आयसिंग उठून दिसते. मात्र काकवी आणि मध हे दोन्ही पदार्थ हवेतील पाणी ओढून घेतात. न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनमधील मऊपणाला मधाचा हा गुणही कारणीभूत आहे, पण आपल्याला तो नको आहे. म्हणून चव आवडली तरी चार चमच्यांच्या पुढे जाऊ नये. पातळ काकवी असल्यास ती आधी थोडी आटवून घ्यावी. चिरलेल्या गुळात ओल कमीजास्त असल्याने मी तो टाळते.

अंड्याशिवाय या कुकीज होतात का?

होतात. अंड्याऐवजी ३ मोठे चमचे दूध घालावे. कुकी किंचित अधिक ठिसूळ होते, त्यामुळे तिची जाडी थोडी वाढवावी आणि बारीक टोकांचे आकार टाळावेत.

लाटण्याची जाडी आणि आकार कसे ठरवावेत?

जाडी ५ मिलिमीटर असावी. गोळा दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून, दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या लावून लाटणे फिरवले की लाटी सर्वत्र सारखी येते. नवशिक्यांना यापेक्षा उपयोगी दुसरी सूचना मला देता येणार नाही, कारण कुकी जिथे पातळ होते तिथे करपते आणि जिथे जाड राहते तिथे ओली राहून पुढे सादळते. आकार शक्यतो भरीव घ्यावेत: हृदय, घंटा, गोल, जाड बाहूंची चांदणी, झाड. हरणाची शिंगे आणि देवदूताची कर्णे दिसायला सुंदर असली तरी कापताना, भाजताना किंवा मुलांच्या हातात ती तुटतातच. कापलेले आकार ट्रेमध्येच ठेवून पुन्हा १५ मिनिटे फ्रीजमध्ये गार करावेत, म्हणजे कडा रेखीव राहतात.

भोक कधी पाडावे, कुठे पाडावे आणि केवढे?

दोनदा पाडावे. पहिल्यांदा भाजण्यापूर्वी, सरबताच्या जाड नळीने. हे भोक ५ ते ६ मिलिमीटरचे असावे, कारण भट्टीत ते निम्म्याने बुजते. दुसऱ्यांदा ट्रे बाहेर काढल्याबरोबर, कुकी अजून मऊ असताना, तीच नळी त्याच भोकातून हलकेच फिरवून काढावी. हे काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकावे लागते. एकदा कुकी गार झाली की भोक वाढवण्याचा प्रयत्न करू नये. सुरीच्या टोकाने केलेला असा प्रत्येक प्रयत्न माझ्याकडे कुकीचे दोन तुकडे होण्यात संपलेला आहे.

भोक आणि वरची कड यांमध्ये किमान १ सेंटिमीटर अंतर ठेवावे. सगळे वजन याच चिंचोळ्या पट्टीवर असते आणि सादळलेली कुकी नेमकी तेथेच फाटते. चांदणीचे भोक तिच्या टोकाशी न पाडता बाहू जेथे मधल्या भागाला मिळतो तेथे पाडावे. हृदयाचे भोक वरच्या खाचेखाली मधोमध पाडावे. झाड, घंटा यांसारख्या उभ्या आकारांत भोक अगदी मध्यरेषेवर हवे, नाहीतर कुकी एका अंगाला कलून राहते आणि तिच्यावरची नक्षी कितीही सुबक असली तरी डोळ्याला खटकते.

भाजण्याचे तापमान आणि वेळ किती?

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसवर १२ ते १४ मिनिटे. घरगुती छोट्या ओव्हनमध्ये मागची बाजू जास्त तापते, म्हणून आठव्या मिनिटाला ट्रे फिरवावा. कडा गडद होऊ लागल्या की ट्रे बाहेर काढून भोके नीट करून घ्यावीत. यापुढची पायरी बहुतेक पाककृतींत नसते, पण आपल्या हवेत मी ती अनिवार्य मानते: कुकीज जाळीवर मांडून १०० अंशांवर आणखी २० मिनिटे वाळवाव्यात आणि ओव्हन बंद करून, दार किंचित उघडे ठेवून आतच निवू द्याव्यात. नीट वाळलेली कुकी ताटलीवर आपटली तर टणक आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत ओल शिल्लक आहे असे समजावे.

ओव्हन नसेल तर?

जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई आणि तिच्यावर ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर नानखटाईप्रमाणे भाजता येते. एका वेळी चार-पाचच कुकीज होतात आणि रंग सारखा येत नाही, पण आयसिंगखाली तो झाकला जातो. पूर्वी दिवाळीत नानखटाईचे पत्रे गल्लीतल्या बेकरीत भाजायला नेत असत. ओळखीची बेकरी असेल तर आजही विचारून पाहण्यास हरकत नाही.

आयसिंग पक्के का वाळत नाही?

सर्वांत जास्त तक्रारी याच प्रश्नाच्या असतात. टांगायच्या कुकीवर रॉयल आयसिंगच हवे, कारण ते वाळून कठीण होते. लोण्याचे क्रीम किंवा चॉकलेट येथे उपयोगाचे नाही. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घेऊन, घट्ट आणि चमकदार होईपर्यंत फेटावे. साखर दोनदा चाळावी, कारण एकच बारीक खडा कोनाचे तोंड बंद करतो. भांड्याला तुपाचा किंवा तेलाचा अंशही नसावा, अन्यथा पांढरा भाग फुलत नाही. कच्च्या अंड्याचा धोका लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी घेऊ नये. त्यांच्या घरी तयार मेरिंग पावडर, म्हणजे अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची भुकटी, वापरावी. अंडे अजिबात नको असल्यास छोले शिजवलेले पाणी आटवून, गार करून घ्यावे आणि त्याचे २ मोठे चमचे एका पांढऱ्या भागाऐवजी वापरावेत. चण्याचा वास लिंबाने आणि थोड्या व्हॅनिलाने निघून जातो.

एकाच आयसिंगच्या दोन अवस्था कराव्यात. रेषा काढण्यासाठी ते टूथपेस्टइतके घट्ट असावे. आतला भाग भरण्यासाठी त्यात थेंबथेंब पाणी घालत जावे आणि चमच्याने सोडलेली धार भांड्यात १० ते १५ सेकंदांत सपाट झाली की थांबावे. पाणी जास्त झालेले आयसिंग कधीच कडक वाळत नाही, आणि बहुतेकांचे येथेच चुकते. ज्यांना मेंदी काढता येते त्यांचा हात या कामाला आधीच बसलेला असतो: बटर पेपरचा तसाच कोन वळावा, टोक अगदी थोडे कापावे आणि कोन पृष्ठभागापासून किंचित वर धरून रेषा खाली पडू द्यावी. कोन टेकवून ओढला की रेषा थरथरते. भोकाभोवती आधी एक गोल कडे काढून ठेवले तर भरताना आयसिंग भोकात ओघळत नाही, शिवाय ते कडे वाळल्यावर भोकाला बळकटी देते.

भरलेली कुकी पंख्याखाली सपाट ठेवून किमान १२ तास वाळवावी. किनारपट्टीवर पूर्ण दिवस द्यावा. वरचा पापुद्रा लवकर वाळतो, त्यावरून फसू नये. आतले आयसिंग मऊ असताना कुकी उभी टांगली तर नक्षी हळूहळू खाली सरकते.

लाल रंग पांढऱ्यात का उतरतो?

ओलीमुळे आणि घाईमुळे. पातळ रंगांऐवजी जेल रंग वापरावेत, गडद लाल आयसिंग आदल्या दिवशी भरून पूर्ण वाळू द्यावे आणि पांढरी नक्षी दुसऱ्या दिवशी त्यावर काढावी. रंगाच्या डबीवर खाद्यपदार्थ परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे का, ते पाहून घ्यावे. चकाकीच्या बाबतीत विशेष सावध राहावे: ‘विषारी नाही’ असे लिहिलेली चमकी खाण्यासाठी असतेच असे नाही. मिठाईवर लावतो तो शुद्ध चांदीचा वर्ख मला त्यापेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा आणि देखणा वाटतो.

मधोमध रंगीत काच असलेल्या कुकीज कशा करतात?

कुकीच्या मध्यभागी छोटा आकार कापून काढतात आणि भाजणे संपायला चार-पाच मिनिटे उरली असता त्या खिडकीत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरतात. तो वितळून पारदर्शक होतो आणि पूर्ण गार झाल्यावरच बटर पेपरवरून उचलायचा असतो. मागे दिवा असला की ही कुकी चर्चच्या खिडकीसारखी उजळते. परंतु साखरेची ही काच हवेतील पाणी कुकीपेक्षाही झपाट्याने ओढते. आमच्याकडे दुसऱ्या संध्याकाळी ती चिकट होते आणि तिसऱ्या दिवशी तिचे ओघळ सुटतात. पुण्या-नागपुराकडे अवश्य करावी. किनाऱ्यावर ती फक्त २४ तारखेच्या संध्याकाळी टांगावी.

मुंग्या लागू नयेत म्हणून काय करावे?

जुन्या घरांत दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तोच उपाय येथे करावा. झाडाची कुंडी किंवा स्टँड पाणी भरलेल्या रुंद परातीत विटेवर उभे करावे आणि झाडाची एकही फांदी भिंतीला, पडद्याला किंवा दिव्यांच्या वायरीला टेकू देऊ नये. वायर ही मुंग्यांची हमखास वाट असते. झाडावर विजेचे दिवे असतील तर पाण्याजवळ वायर किंवा प्लग असता कामा नये, म्हणून दिवे आणि परात या दोहोंपैकी एकच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवे हवेच असतील तर कुकीज रोज रात्री काढून डब्यात ठेवाव्यात.

कशाने आणि कुठे टांगावे?

अरुंद सुती फीत किंवा जाड सुती दोरा घ्यावा. नायलॉनचा बारीक धागा भोकाला कापत जातो. एक कुकी सुमारे २५ ग्रॅमची असते, आयसिंगने ती आणखी जड होते, म्हणून ती फांदीच्या टोकाला न लावता खोडाकडील जाड भागावर लावावी. प्लॅस्टिकच्या झाडाच्या तारा किंचित वर वळवून घ्याव्यात. घरात कुत्रा असेल तर खालच्या फांद्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि चॉकलेट किंवा बेदाणे लावलेली कुकी झाडावर ठेवूच नये, कारण हे दोन्ही पदार्थ कुत्र्यांना घातक असतात.

मिठाच्या पिठाचे दागिने करणे सोपे नाही का?

सोपे आहे: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी, मग १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवणे. ते खाता येत नाहीत, आणि एवढे मीठ पोटात गेल्यास कुत्र्यालाही अपाय होतो. दमट हवेत मीठही पाणी सोडते. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचा आनंद कुकी शेवटी खाण्यात असल्याने मी या वाटेला जात नाही.

कुकीज किती दिवस आधी कराव्यात आणि केव्हा खाव्यात?

आयसिंगविना भाजलेल्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे उत्तम राहतात. सादळल्यासारख्या वाटल्या तर आयसिंग करण्यापूर्वी १२० अंशांवर ८ मिनिटे पुन्हा वाळवाव्यात. आयसिंगनंतर इतकी उष्णता दिली तर पांढरा रंग पिवळसर पडतो. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाजते, १८ ते २० तारखेपर्यंत आयसिंग करते आणि २४ तारखेला टांगते. निम्म्या कुकीज डब्यात राखून ठेवते, म्हणजे झाडावरची एखादी खाल्ली गेली की तिच्या जागी दुसरी लावता येते.

उघड्यावर टांगलेली कुकी चार ते पाच दिवसांत खावी, त्यानंतर तिच्यावर धूळ बसते आणि चवही उतरते. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नूत यांच्या दिवशी, मुले जमून झाडावरचा खाऊ लुटतात आणि मग झाड बाहेर काढले जाते. आमच्या हवेत तेवढी वाट पाहता येत नाही. आमच्याकडे २८ तारखेला दुपारी आळीतली मुले येतात. प्रत्येकाने आपली कुकी आधीच हेरून ठेवलेली असते, आणि सगळ्यांत वरची चांदणी काढायला सर्वांत धाकट्याला खांद्यावर उचलून घेतात.